तकीउद्दीन वाहिद यांचं विमान आणि आपल्या मोहल्ल्यातली पावती

नोव्हेंबर आला की एक रील फिरायला लागते. मागे दर्दभरी धून, एका विमानाचा धूसर फोटो आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: देशातली पहिली खासगी विमान कंपनी एका मुसलमानाची होती, म्हणून त्याला संपवलं. अमरावतीच्या पठाण चौकात आणि अकोल्याच्या बैदपुऱ्यात ती २०२५ मध्ये जरा जास्तच फिरली, कारण १३ नोव्हेंबरला त्या खुनाला तीस वर्षं पूर्ण झाली. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ती पाठवून खाली एकच ओळ लिहिली, "भाऊ, एवढी मोठी गोष्ट आपल्याले कोणी सांगितलीच नाही."

त्याचं म्हणणं खरं आहे. सांगायला हवी होती, पण रीलमध्ये सांगतात तशी नाही.

तकीउद्दीन वाहिद केरळचे, वर्कला भागातले. १९८० च्या दशकात मुंबईत दादरला त्यांची आणि त्यांच्या भावांची ट्रॅव्हल एजन्सी होती. तो काळ आपल्या घरातल्या मोठ्यांना नीट आठवत असेल. बाळापूर, पातूर, अचलपूर, कारंजा इथून वेल्डर, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन मुलं सौदी-कुवेतला निघायची. हावडा मेलने किंवा पॅसेंजर बदलत बदलत दादर गाठायचं, एजंटच्या ऑफिसच्या जिन्यात वळकटी टाकून बसायचं, पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का पडायची वाट बघायची. १९८३ च्या कायद्यानंतर तर तो शिक्का म्हणजे जीव की प्राण झाला होता. केरळची मुलंही त्याच जिन्यात असायची. अशा हजारो लोकांची तिकिटं काढून देता देता वाहिद बंधूंना एक गोष्ट कळली असणार, जी मंत्रालयात बसून कळत नाही. विमानात बसणारा माणूस फक्त सुटाबुटातला नसतो. लुंगीतला, पायजम्यातला माणूसही बसतो, आणि तो वर्षानुवर्षं बसत राहतो.

विमान कंपनी काढायला मात्र कायदाच आड होता. १९५३ साली सरकारने देशातल्या खासगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया वेगळी राहिली. म्हणजे रीलमधला 'पहिली खासगी' हा शब्द चूक आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपालाचं विमान उडवलं होतं. आणि मुसलमान मालकांचीच म्हणायची, तर १९४६ साली कोलकात्यात इस्पहानी आणि आदमजी या व्यापारी घराण्यांच्या भांडवलावर ओरिएंट एअरवेज नोंदवली गेली होती. फाळणीनंतर ती कराचीला गेली आणि पुढे पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीत विरघळली. 'पहिला' म्हणून मिरवायची आपल्याला एवढी घाई का असते, कोण जाणे. ईस्ट-वेस्टचं खरं मोठेपण त्याहून वेगळं आणि पुरेसं आहे. राष्ट्रीयीकरणानंतर जवळपास चाळीस वर्षांनी देशभर उडण्याच्या हिमतीने उतरलेल्या खासगी कंपन्यांत ती सर्वांत पुढे होती.

१९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, अर्थव्यवस्थेची दारं किलकिली झाली. विमान वाहतुकीत 'खुलं आकाश' आलं, पण जुना कायदा तसाच होता. म्हणून या कंपन्यांना 'एअर टॅक्सी' म्हणून परवाना मिळायचा. विमान बोइंगचं, कागदावर मात्र टॅक्सी. १९९२ च्या फेब्रुवारीअखेरीस ईस्ट-वेस्टचं पहिलं बोइंग ७३७ मुंबईहून कोचीला गेलं. पहिला मार्ग कोणता निवडला बघा. दिल्ली-मुंबई हा साहेबलोकांचा मार्ग सोडून आखातातून परतणारा माणूस मुंबईत उतरल्यावर ज्या दिशेला जातो, तो मार्ग. आपल्या गिऱ्हाइकाला ओळखून केलेला धंदा याला म्हणतात.

आणि मग ते वर्ष संपता संपता बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या, १२ मार्च १९९३ ला बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या मुंबईत एका मुसलमान कुटुंबाच्या मालकीची विमान कंपनी असणं म्हणजे काय, हे आजच्या वीस वर्षांच्या मुलाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पैसा दाऊदचा आहे, ही कुजबुज सुरू झाली. ती वर्तमानपत्रांत आली, सरकारी वर्तुळांत फिरली. विमान कंपनीसारख्या धंद्यात कुजबुज ही टायरमधल्या खिळ्यासारखी असते. विमानं भाड्याने घ्यायची असतात, त्याचं भाडं डॉलरमध्ये भरायचं असतं, बँकेने पत दिली तर पुढची विमानं येतात. ज्याच्या नावाला संशय चिकटला त्याच्याशी करार करताना सावकार दोनदा विचार करतो आणि तिसऱ्यांदा फोन उचलत नाही.

१३ नोव्हेंबर १९९५ च्या रात्री ऑफिसातून वांद्र्याला घरी परतताना तकीउद्दीन यांची गाडी अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या माणसाच्या पाठीमागे टोळीवाले आहेत असं सांगितलं जात होतं, तो भाडोत्री मारेकऱ्यांच्या हातून मेला. पुढच्या वर्षी, १९९६ च्या ऑगस्टमध्ये, ईस्ट-वेस्ट बंद पडली.

रीलमध्ये या खुनामागच्या सूत्रधाराचं नाव ठासून सांगितलं जातं. ते नाव आम्ही इथे छापणार नाही. कोणत्याही न्यायालयाने तसा निष्कर्ष दिलेला नाही. हे वाचून काही वाचक नाराज होतील, भित्रेपणाही म्हणतील. त्यांना एवढंच विचारायचं आहे: २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बाँबस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, तेव्हा आपण सगळ्यांनी काय लिहिलं होतं? पुराव्याआधी नाव घेतल्यामुळे माणसांची एकोणीस वर्षं गेली, असंच ना? मग तोच नियम आपल्या मोबाइललाही लागू होतो. तकीउद्दीन यांच्यावरही पुराव्याआधीच नाव चिकटवलं गेलं होतं. त्यांची आठवण ठेवायची आणि रीत मात्र त्यांना बदनाम करणाऱ्यांची उचलायची, हे जमणार नाही.

आता रीलमध्ये न सांगितलेली गोष्ट. ईस्ट-वेस्ट एकटी बुडाली नाही. त्याच काळात परवेझ दमानियांची दमानिया एअरवेज आली. १९९३ मध्ये सुरू झाली, १९९५ मध्ये विकली गेली. मोदी घराण्याने जर्मनीच्या लुफ्तान्साला सोबत घेऊन मोदीलुफ्त काढली, ती १९९६ मध्ये थांबली. दमानिया विकत घेणारी एनईपीसीसुद्धा फार काळ तगली नाही. पारशी बुडाले, मारवाडी बुडाले, दक्षिणेतले बुडाले. संशयाने आणि गोळीने ईस्ट-वेस्टचं आयुष्य तोडलं, हे खरं आहे. पण त्या दोन गोष्टी घडल्या नसत्या तर ती नक्की तगली असती, असं म्हणायला हा धंदा जागा देत नाही.

का देत नाही, ते वऱ्हाडातल्या माणसाला चटकन समजेल. आपला शेतकरी भाव पडला की कापूस घरात भरून ठेवतो. अंगाला खाज सुटते, खोली अडते, पण कापूस टिकतो, आणि भाव आला की गाडी जिनिंगला लागते. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्याला ही सोय नाही. बहार तुटला की आठवडाभरात विकावाच लागतो, नाहीतर नाल्याकाठी ओतावा लागतो. विमानातली सीट संत्र्यापेक्षाही नाजूक. दरवाजा बंद झाला की त्या क्षणी तिची किंमत शून्य. सीट रिकामी गेली म्हणून इंधन कमी लागत नाही, वैमानिकाचा पगार कमी होत नाही, विमानाचं भाडं तर रोज चढतच असतं. इंधन आणि भाडं डॉलरच्या तालावर नाचतं आणि तिकीट मात्र रुपयात विकायचं असतं. त्यात शेजारच्या कंपनीने भाव पाडला की आपल्यालाही पाडावाच लागतो. वर सरकार सांगतं की फायद्याच्या मार्गांवर उडायचं असेल तर ईशान्येला, काश्मीरला, अंदमानलाही ठरावीक प्रमाणात विमानं न्या. धोरण म्हणून ते योग्यच, पण खर्च कंपनीच्या गळ्यात.

या सगळ्यातून एक माणूस तरला आणि पंचवीस वर्षं आभाळ गाजवून मग कोसळला. तोही ट्रॅव्हल एजंटच. पंजाबातल्या संगरूरचे नरेश गोयल नातलगाच्या ट्रॅव्हल एजन्सीत नोकरीला लागले, १९७४ मध्ये परदेशी विमान कंपन्यांची तिकिटं विकणारी जेटएअर काढली आणि ५ मे १९९३ ला चार भाड्याच्या बोइंग विमानांवर जेट एअरवेज सुरू केली. सुरुवातीला भांडवल गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचंही होतं. आखाताचा पैसा म्हटल्यावर कोणाच्या बाबतीत शंका निघते आणि कोणाच्या बाबतीत निघत नाही, हा प्रश्न आम्ही इथे नुसता नोंदवून ठेवतो.

गोयल कामाला वाघ होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील. सेवा चांगली, वेळ पाळणारी. २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि मालक अब्जाधीशांच्या यादीत गेला. त्याच वर्षी मल्ल्यांची किंगफिशर उतरली, त्याआधी कॅप्टन गोपीनाथ यांची स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन आली होती, मागोमाग इंडिगो आली. इथून गोयल यांचा हात चुकायला लागला. २००७ मध्ये त्यांनी १,४५० कोटींना एअर सहारा घेतली. कर्ज वाढलं. २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहादने २४ टक्के भाग घेतला, थोडा श्वास मिळाला. पण खुर्ची सोडायची वेळ आली तेव्हा ती सुटली नाही. शेवटी २०१९ च्या मार्चमध्ये बँकांनी ती सोडायला लावली, आणि १७ एप्रिल २०१९ ला अमृतसर-मुंबई हे शेवटचं विमान उडालं. शंभराहून जास्त विमानांची कंपनी. बँकांचं देणं आठ हजार कोटींवर. पुढे दुसऱ्या गुंतवणूकदारांनी ती उठवण्याचा आराखडा मंजूर करून घेतला, पण विमान उडालं नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

गोयल यांना १ सप्टेंबर २०२३ ला ईडीने कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींच्या प्रकरणात अटक केली. तो खटला न्यायालयात आहे, दोषी की निर्दोष ते तिथेच ठरेल. वर लिहिलेला नियम त्यांनाही लागू. पण जानेवारी २०२४ मध्ये ते न्यायालयात हात जोडून उभे राहिले आणि या अवस्थेत जगण्यापेक्षा तुरुंगात मेलेलं बरं असं म्हणाले, ती बातमी वाचून आमच्या कार्यालयात कोणीही खूश झालं नव्हतं. त्यांची पत्नी तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. मे महिन्यात त्या गेल्या.

त्या दिवसांत सगळे कॅमेरे मालकाच्या चेहऱ्यावर होते. पंधरा हजारांहून जास्त नोकरदार होते, त्यांच्याकडे किती वळले? कित्येक महिन्यांचा पगार थकलेला. वैमानिकाला दुसरीकडे नोकरी मिळते. सामान चढवणारा, गाडी ओढणारा, काउंटरवर उभं राहणारा माणूस कुठे जाणार? भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. किंगफिशरच्या लोकांचं २०१२ मध्ये हेच झालं, मालक २०१६ मध्ये लंडनला निघून गेले. घाम सुकायच्या आत मजुराची मजुरी द्या, हे आपण जुम्याला ऐकतो आणि मान डोलावतो. ते ऐकताना आपल्याला आपल्या हॉटेलातला पोऱ्या आठवतो का, ते ज्याचं त्याने तपासावं.

तिकीट ही आणखी एक बाजू. विमान कंपनी आज पैसे घेते आणि महिन्याने सेवा देते. मधल्या काळात ते पैसे असतात कोणाचे? प्रवाशाचे. आपल्या भाषेत अमानत. चालू कंपनी ते पैसे आजच्या इंधनात जाळते आणि उद्याच्या प्रवाशाला परवाच्या प्रवाशाच्या पैशाने नेते. चक्र फिरत आहे तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही. जेट थांबली तेव्हा तिकिटं काढून बसलेल्यांचे पैसे अडकले, ते याच कारणाने.

आणि हे चक्र बघायला मुंबईला जायची गरज नाही. वऱ्हाडातल्या जवळपास प्रत्येक गावात उमराहला नेणारे आहेत. त्यांतले बरेच प्रामाणिक आहेत, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून नेतात, दुवा घेतात. पण पद्धत बघा. पैसे रोख. पावती नाही, असली तर तारीख नाही, कोणती एअरलाईन, कोणतं हॉटेल, हरमपासून किती अंतर, काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या जथ्याच्या पैशातून आधीच्या जथ्याची तिकिटं निघतात. एक जथा कमी भरला, डॉलर वाढला, व्हिसाचा नियम बदलला, की साखळी तुटते आणि कोणाच्या तरी आईची आयुष्यभराची जमवाजमव त्यात जाते. तेव्हा मोहल्ल्यातले चार वडीलधारे बसतात आणि म्हणतात, आपलाच माणूस आहे, पोलिसांत कशाला जाता, समाजाची बदनामी होईल. आमच्या स्वतःच्या घरात हे घडलेलं आहे. पैसे अर्धे परत आले, चार वर्षांनी. उमराह राहिली ती राहिलीच, कारण ज्यांना जायचं होतं त्या तोवर राहिल्या नाहीत.

'आपला माणूस' हा शब्द आपण दोन्हीकडून चुकीचा वापरतो. आपला माणूस वर गेला की तो आपला, रील करण्यापुरता. आपला माणूस चुकला की हिशोब विचारायचा नाही, कारण तो आपला. तकीउद्दीन यांच्या कंपनीत ते गेल्यावर काय उरलं, हा प्रश्न रील विचारत नाही. कुटुंबाची कंपनी होती, नाव, ओळखी, सावकारांचा भरवसा सगळं एका माणसाभोवती होतं. माणूस गेला आणि वर्षभरात विमानं थांबली. याउलट खान्देशातलं अमळनेर घ्या, आपल्या अकोल्याहून रेल्वेने काही तासांवर. प्रेमजी कुटुंबाने १९४५ मध्ये तिथे वनस्पती तेलाची कंपनी काढली. मोहम्मद हाशम प्रेमजी १९६६ मध्ये अचानक गेले, मुलगा अझीम एकवीस वर्षांचा, अमेरिकेत शिकत होता. तो परत आला. पण कंपनी तोवर उभी राहिली होती, कारण तिचे भागधारक होते, सभा होत होत्या, हिशोब छापले जात होते. अमळनेरच्या सामान्य माणसांकडेही तिचे शेअर होते. तीच पुढे विप्रो झाली. अझीम प्रेमजींचं नाव आपण भाषणात रोज घेतो. त्यांच्या वार्षिक सभेतल्या त्या रागीट भागधारकाचं नाव कोणी घेत नाही, जो उठून विचारतो की हा खर्च कुठे गेला.

इकडे १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. सत्तरेक सीटांचं एटीआर, अलायन्स एअरचं, म्हणजे सरकारी कंपनीचं, आणि 'उडान' योजनेच्या मदतीवर चालणारं. सुरुवात आठवड्यातून तीन दिवसांची. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, ती वाढवायची तर कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळलेला, त्यामुळे अकोलेकर अजून आभाळाकडे बघत बसले आहेत. छोट्या गावाचं विमान तिकिटाच्या पैशावर एकटं उभं राहत नाही, हे तीस वर्षांपूर्वीही खरं होतं आणि आजही आहे. आपल्याकडे याहून जुनं उदाहरण आहे. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी शकुंतला ब्रिटिश खासगी कंपनीने कापसासाठी बांधली. ईस्ट-वेस्ट बोइंग उडवत होती तेव्हा शकुंतलेला कोळशाचं इंजिन होतं, ते १९९४ मध्ये निघालं. आज ती बंद आहे. अचलपूरच्या मजुराला बेलोऱ्याच्या विमानापेक्षा ती जास्त हवी आहे, हेही या कौतुकात लिहून ठेवायला हवं.

बेलोऱ्यातच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. मुलं विचारतात म्हणून सांगतो. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागतं, डोळ्यांपासून हृदयापर्यंत कडक तपासणी असते आणि खर्च लाखोंच्या कितीतरी घरात जातो. ज्याला तो झेपत नाही त्याने विमान दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. जमीन विकून किंवा व्याजाने पैसे उचलून या वाटेला लागण्याआधी संस्थेची मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः बघावी, एजंटच्या मोबाइलमधल्या फोटोत नाही.

राहिली पावती. हजला नेणाऱ्या खासगी टूरचालकांना केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. उमराहच्या नावाखाली चालणारा बराच कारभार अजून तोंडी आहे. रमजानच्या बुकिंगचे दिवस जवळ येत आहेत. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ या पाच जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपल्या घरात या वर्षी किंवा मागच्या वर्षी उमराहसाठी जी पावती मिळाली असेल तिचा फोटो, नाव आणि फोन नंबर झाकून, आम्हाला पाठवावा. तारीख आहे का, एअरलाईन लिहिली आहे का, पैसे परत करण्याची अट आहे का, ते आम्ही बघू. पावती मिळालीच नसेल तर तेवढंच कळवावं.